लिव्हरमधल्या गाठीत रक्त कसं येतं नि कसं जातं: बुडबुड्यांची सोनोग्राफी

पित्ताशयात खडे आहेत का हे बघायला माणूस सोनोग्राफीला जातो, खडे-बिडे काही निघत नाहीत, पण रिपोर्टच्या खालच्या ओळीत लिहिलेलं असतं की लिव्हरच्या उजव्या भागात २२ मिलिमीटरची गाठ दिसते, पुढील तपासणी करावी. बस्स, एवढंच. मग रात्रभर फोन हातात घेऊन शोधाशोध सुरू. आपल्याकडे 'गाठ' या शब्दाचीच मोठी पंचाईत आहे, कारण कानावर पडला की डोक्यात एकच रोग येतो, आणि रेडिओलॉजीत काम करणारा मी मात्र दिवसाला चारदा हा शब्द लिहितो तेव्हा मला फक्त एवढंच म्हणायचं असतं की बाकीच्या लिव्हरपेक्षा इथला गोल तुकडा जरा वेगळा दिसतोय. तो रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता असेल, चरबीचा पट्टा असेल, पाण्याची पिशवी असेल, किंवा खरंच कॅन्सर असेल. साध्या सोनोग्राफीत हे सगळं बऱ्याचदा सांगताच येत नाही, आणि असं का हे आधी समजून घेतलं तर पुढची बुडबुड्यांची भानगड सोपी जाईल.

साधी सोनोग्राफी म्हणजे आवाज आत पाठवायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. जिथे एक ऊती संपून वेगळ्या घडणीची दुसरी सुरू होते तिथून आवाज परत फिरतो, मशीन त्याचं करड्या रंगात चित्र काढतं, जास्त आवाज परत आला तर पांढरं, कमी आला तर काळं. आता हेमँजिओमा, म्हणजे तो रक्तवाहिन्यांचा गुंता, पुस्तकात पांढराशुभ्र दिसतो असं लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा दिसतोही, पण लिव्हरमध्ये चरबी साठलेली असेल तर लिव्हरच इतकं पांढरं होतं की तोच हेमँजिओमा त्यात काळा वाटायला लागतो. उलट आतड्यातून पसरून आलेला कॅन्सरही कधीकधी छान पांढरा गोल दिसतो. म्हणजे नुसत्या रंगावरून ओळख पटवायला गेलो तर फसलोच म्हणून समजा.

मग डॉपलर आहे ना, त्यात रक्त लाल-निळं दिसतं, असं बरेच जण विचारतात. दिसतं, पण ते मोठ्या नळ्यांमधलं. गाठीच्या आत ज्या केसाहून बारीक वाहिन्या असतात त्यात रक्त सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा धड सरकत नाही, आणि त्याच वेळी श्वासाबरोबर अख्खं लिव्हर दोन-तीन सेंटिमीटर वरखाली होत असतं, तर मशीनने त्यात कुठलं हलणं खरं मानायचं? म्हणून डॉपलर संथ हालचाल सरळ गाळून टाकतो, आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं.

यावर जो उपाय निघाला त्याची सुरुवात हृदयाच्या तपासणीत झाली. १९६८ साली रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शाह या दोघांनी एक निरीक्षण छापलं, की महाधमनीच्या मुळाशी नळीतून द्रव सोडला की सोनोग्राफीत तिथे एकदम ढग उठल्यासारखे प्रतिध्वनी येतात. द्रवात विशेष काही नव्हतं, टोचताना त्यात तयार झालेले हवेचे बारीक बुडबुडे होते ते. आवाजाच्या दृष्टीने रक्त आणि वायू यांच्यात इतका प्रचंड फरक आहे की एवढासा बुडबुडासुद्धा आवाज जोरात परत फेकतो. पण सलाईन हाताने घुसळून केलेले बुडबुडे मोठे असतात, वेगवेगळ्या मापाचे असतात आणि पटकन विरतात, शिरेतून दिले की उजव्या हृदयातून फुप्फुसात जातात आणि तिथेच अडकून संपतात. (हृदयाच्या पडद्याला भोक आहे का हे बघायला ही युक्ती आजही वापरतात, डाव्या बाजूला बुडबुडे दिसले तर कुठेतरी चोरवाट आहे हे नक्की.) लिव्हरपर्यंत पोचायचं तर बुडबुडा फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांतून पार व्हायला हवा आणि पुढे काही मिनिटं टिकायलाही हवा. या दोन गोष्टी जमायला पुढची कित्येक वर्षं गेली.

आज जे वापरतात ते असं. बुडबुडा साधारण दोन-तीन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे तांबड्या पेशीच्याही निम्म्याहून कमी, कारण तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असते, त्यामुळे जिथून रक्त जातं तिथून हा आरामात जातो. बाहेरून फॉस्फोलिपिडचं पातळ कवच, आपल्या पेशींच्या पडद्यात असतं त्याच जातीचं. आत हवा नाही तर रक्तात जवळपास न विरघळणारा जड वायू, खूप वापरात असलेल्या सोनोव्ह्यू या औषधात सल्फर हेक्साफ्लोराइड. हा वायू विजेच्या मोठ्या स्विचगिअरमध्ये ठिणगी दाबायला वापरतात, आणि माणसाने तो श्वासात घेतला की हेलियमच्या उलट होऊन आवाज एकदम घोगरा-जाड होतो, तोच तो. नावात सल्फर आहे म्हणून सल्फाच्या गोळ्यांची अ‍ॅलर्जी असलेले लोक घाबरतात, पण त्या औषधांचा नि या वायूचा काही संबंध नाही.

किती देतात? लिव्हरसाठी नेहमीचा डोस २.४ मिलिलिटर, नवीन मशीनवर निम्म्यातही भागतं. त्यात प्रत्यक्ष वायू असतो १९ मायक्रोलिटरच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी, आणि तेवढ्यात कित्येक कोटी बुडबुडे. 'शिरेत हवा गेली की माणूस दगावतो ना?' हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच आणि प्रश्न चुकीचा नाही, फक्त ती भीती काही मिलिलिटर हवा एकगठ्ठा जाण्याची आहे. इथे कवचात बंद असलेला अर्धा थेंबभर वायू असतो, तो फुप्फुसात पोचला की उच्छ्वासातून बाहेर पडत जातो आणि पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा गेलेला असतो. कवच शरीर पचवून टाकतं. किडनीचा यात कुठेच हात लागत नाही.

आता खरी गंमत. बुडबुडे आवाज परत फेकतात ते ठीक, पण लिव्हरची ऊतीसुद्धा आवाज परत फेकतेच की, मग मशीनला फक्त बुडबुडेच कसे दिसतात? उत्तर असं की बुडबुडा आवाजाने धडधडतो. दाब आला की आकसतो, दाब गेला की फुगतो, पण आकसणं आणि फुगणं सारखं नसतं, आत दाबायला मर्यादा आहे आणि बाहेर फुगायला मोकळीक. त्यामुळे तो जो आवाज परत देतो तो वाकडातिकडा असतो, मूळ सुराबरोबर त्यात दुप्पट पट्टीचा सूरही मिसळलेला असतो. ऊती मात्र कमी आवाजात बरीचशी सरळमार्गी वागते, जे दिलं तेच परत. मग मशीन काय करतं, आधी एक लहर पाठवतं, लगेच तिचीच उलटी लहर पाठवतं, आणि दोन्ही प्रतिध्वनींची बेरीज करतं. ऊतीकडून आलेले जमा-खर्च तंतोतंत जुळतात, शिल्लक शून्य, म्हणून ऊती पडद्यावरून पुसली जाते. बुडबुड्याचा हिशोब कधीच जुळत नाही, जी शिल्लक उरते तेच चित्र. यात निसर्गाने एक मेहेरबानीही केली आहे, एवढ्या मापाचा बुडबुडा ज्या पट्टीत सगळ्यात जोरात धडधडतो ती काही मेगाहर्ट्झची पट्टी नेमकी पोटाच्या सोनोग्राफीचीच निघाली.

पण आवाज हळूच द्यावा लागतो. जोरात दिला तर बुडबुडे फटाफट फुटतात. पडद्याच्या कोपऱ्यात एमआय म्हणून आवाजाच्या जोराचा एक आकडा असतो, तो नेहमीच्या सोनोग्राफीत एकच्या आसपास असतो, इथे ०.१ किंवा त्याहूनही खाली ठेवतात. आणि कधीकधी मुद्दाम एक जोराचा झटका देऊन दिसतायत तेवढे सगळे बुडबुडे फोडून टाकतात, म्हणजे पडदा कोरा होतो आणि नवीन रक्त गाठीत कुठून कसं शिरतंय ते पुन्हा पहिल्यापासून बघता येतं.

आता लिव्हरकडे येतो, कारण ही तपासणी इतर अवयवांतही करतात पण लिव्हरमध्ये ती इतकी बोलते याचं कारण लिव्हरच्याच प्लंबिंगमध्ये आहे. बाकीच्या बहुतेक अवयवांना एक नळ, लिव्हरला दोन. एक हिपॅटिक आर्टरी, म्हणजे हृदयाकडून थेट आलेली धमनी, तिच्यातून पंचवीस ते तीस टक्के रक्त येतं. उरलेलं सत्तर-पंचाहत्तर टक्के पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतडी आणि प्लीहा फिरून आलेलं रक्त. शिरेत बुडबुडे सोडले की ते सरळ वाटेने धमनीतून १० ते २० सेकंदांत लिव्हरला पोचतात, आणि आतड्याची प्रदक्षिणा घालून पोर्टल व्हेनमधून यायला त्यांना ३० ते ४५ सेकंद लागतात. म्हणजे सुरुवातीचे काही सेकंद फक्त धमनीचं राज्य असतं. आणि लिव्हरचा मूळ कॅन्सर, एचसीसी ज्याला म्हणतात तो, वाढताना स्वतःसाठी नव्या धमन्या ओढून घेतो आणि पोर्टल व्हेनशी संबंध तोडत जातो. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत लिव्हर अजून काळं असताना गाठ लख्ख पेटते, नंतर पोर्टलचं रक्त येऊन लिव्हर उजळतं आणि गाठ मागे पडून काळपट होत जाते. या मागे पडण्याला वॉशआउट म्हणतात, रिपोर्टमध्ये हा शब्द सापडेलच. गाठ दिसते कशी यापेक्षा ती बाकीच्या लिव्हरच्या तुलनेत किती लवकर भरली, कुठून भरली आणि कधी रिकामी झाली, हे बघण्यासाठी हा सगळा खटाटोप.

खोलीत प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. तुम्हाला हातात इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत राहणारी छोटी नळी, लावतात, शक्यतो कोपराच्या खोबणीत आणि जरा जाडच, कारण बारीक सुईतून जोरात ढकलले तर बुडबुडे वाटेतच मरतात. पोट काही तास रिकामं ठेवायला सांगतात, औषधामुळे नाही, आतड्यातला गॅस मध्ये येऊ नये म्हणून. एक मावशी आल्या होत्या, टेबलावर पडल्यापासून मुठी आवळून. साध्या सोनोग्राफीत गाठ शोधली, २२ मिलिमीटर, बरगड्यांच्या खाली उजवीकडे. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा मशीनचा हातातला भाग, असा धरला की त्या श्वास घेतील तेव्हा गाठ त्याच चित्रात वरखाली होईल, चित्राबाहेर पळणार नाही, ही एवढी साधी गोष्ट जमली नाही तर पुढचं सगळं वाया. पलीकडे सिस्टरने कुपीत सलाईन भरून २० सेकंद खळाखळा हलवली, आत दुधासारखं पांढरं झालं.

"मावशी, श्वास हळू घ्या, बोलू नका आता थोडा वेळ."

"दुखेल का?"

"सुई टोचली तेवढंच. आता काही नाही."

सिस्टरने पांढरं औषध सोडलं, मागोमाग सलाईनचा फ्लश, आणि फ्लश सुरू होताच मी स्टॉपवॉच दाबलं. पडदा दोन भागांत, डावीकडे साधं चित्र फिकट, उजवीकडे जवळपास काळाकुट्ट. आठ, नऊ, दहा. बाराव्या सेकंदाला उजवीकडच्या अंधारात धमनीची एक रेघ चमकली, मग तिच्या फांद्या, आणि गाठीच्या कडेला तीन-चार टपोरे ठिपके उमटले, मधे अजून काळंच. ठिपके एकमेकांना चिकटलेले नव्हते, मधे मधे फट होती. तीस सेकंदांना ते ठिपके आतल्या बाजूने सुजल्यासारखे वाढले. एक मिनिटाला गाठीचा निम्मा भाग भरला. तीन मिनिटांनी मध्यभागी तांदळाएवढं काळं उरलं होतं आणि बाकी गाठ लिव्हरपेक्षा उजळच. कडेला तुटक ठिपके, बाहेरून आत सावकाश भरणं, आणि भरलेलं रिकामं न होणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे हेमँजिओमा. रक्त त्या गुंत्यात शिरतं आणि साचल्या तळ्यासारखं पडून राहतं, म्हणून ते असं वागतं. लिव्हरमधल्या निरुपद्रवी गाठींमध्ये हाच सगळ्यात जास्त सापडतो आणि बहुतेकांना त्याचं आयुष्यभर काही करावं लागत नाही.

एक धंद्यातली खबरदारी इथेच सांगून टाकतो. पहिलं एक मिनिट सलग बघायचं, पण त्यानंतर प्रोब तिथेच रोखून बसायचं नाही, अधूनमधून काही सेकंद बघून चित्र गोठवायचं. कारण आवाज कितीही हळू असला तरी सतत मारा केला की थोडे थोडे बुडबुडे फुटतात, आणि हेमँजिओमात रक्त संथ असल्याने नवीन बुडबुडे पटकन येत नाहीत, मग गाठ खोटीच काळी पडलेली दिसते. वॉशआउट झाला असं लिहून मोकळं व्हायला एवढी चूक पुरते.

बाकीच्या गाठी थोडक्यात. एफएनएच नावाची एक निरुपद्रवी गाठ असते, तिच्यात मधोमध एक धमनी शिरते आणि चाकाच्या आऱ्यांसारखी पसरते, म्हणजे ती आतून बाहेर भरते, आणि तेही दोन-चार सेकंदांत, डोळा लवला तर गेलंच, म्हणून आम्ही क्लिप मागे नेऊन हळू करून बघतो. अ‍ॅडिनोमा म्हणजे लिव्हरच्याच पेशींची आणखी एक गाठ, तो याच्या उलट, बाहेरून आत किंवा सगळीकडून एकदम भरतो, आणि तो कधीकधी नंतर किंचित काळपटही होतो, म्हणून त्याच्या बाबतीत मी फारशी छाती ठोकून बोलत नाही. चरबीचा तुकडा असेल, किंवा चरबीवाल्या लिव्हरमध्ये चरबी नसलेला तुकडा असेल, तर बुडबुडे दिल्यावर गाठ गायबच होते, आजूबाजूच्या लिव्हरसारखीच भरते आणि तशीच राहते, कारण मुळात ती गाठ नसतेच. पाण्याच्या पिशवीत काहीच शिरत नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळं भोक. पू झाला असेल तर कडा आणि आतले पडदे उजळतात आणि पुवाचे कप्पे काळे, मधाच्या पोळ्यासारखं दिसतं.

पसरून आलेला कॅन्सर, म्हणजे आतडं, स्तन, स्वादुपिंड अशा ठिकाणाहून लिव्हरमध्ये आलेला, तो सुरुवातीला बहुतेकदा कडेने वर्तुळासारखा उजळतो, कधी सगळाच, पण नंतर फार घाईने आणि फार गडद काळा पडतो, बऱ्याचदा मिनिट व्हायच्या आत. दोन मिनिटांनंतर सगळं लिव्हर उजळ असतं आणि त्यात हे ठिपके कागदाला भोकं पाडल्यासारखे दिसतात. त्या वेळी अख्ख्या लिव्हरवरून प्रोब फिरवला की साध्या सोनोग्राफीत लपून बसलेल्या छोट्या गाठीही हाती लागतात. एचसीसीचा वॉशआउट मात्र उशिरा आणि हलका असतो, एका मिनिटानंतर, कधी दोन-तीन मिनिटांनी, कधी त्याहूनही पुढे, म्हणून अशा पेशंटमध्ये बुडबुडे संपेपर्यंत, म्हणजे चार ते सहा मिनिटं, चिकाटीने बसावं लागतं. काही एचसीसी तर वॉशआउट दाखवतच नाहीत, त्यामुळे वॉशआउट नाही म्हणजे कॅन्सर नाही असं सिरॉसिसवाल्या, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक झालेल्या, माणसाला सांगून घरी पाठवता येत नाही.

या साठ सेकंदांच्या हिशोबावरच गाठींना श्रेणी द्यायची एक पद्धत बसवलेली आहे, लाय-रॅड्स. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ती काढली, सीटी-एमआरआयची आधीपासून होती, बुडबुड्यांच्या सोनोग्राफीसाठी २०१६ मध्ये आली. रिपोर्टमध्ये एलआर-५ लिहिलं असेल तर अर्थ असा: गाठ किमान १० मिलिमीटरची, धमनीच्या काळात उजळली आणि नुसती कडेने नाही, आणि वॉशआउट ६० सेकंद किंवा त्यानंतर सुरू झाला आणि हलका होता. एवढं जुळलं तर एचसीसी धरून बहुतेकदा बायोप्सीशिवाय उपचार ठरवता येतो. एलआर-एम लिहिलं असेल तर कॅन्सरसारखं वागतंय पण एचसीसीच आहे असं म्हणवत नाही, वर्तुळासारखं उजळणं किंवा साठच्या आत काळं पडणं, मग बहुतेकदा बायोप्सीच करावी लागते. पण, आणि हा पण मोठा आहे, ही पद्धत फक्त सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असल्या जोखमीच्या माणसांसाठी आहे. धडधाकट लिव्हरच्या तिशीतल्या बाईच्या गाठीला एलआर-५ चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

आता सीटी-एमआरआय असताना ही तिसरी तपासणी कशाला, हा रास्त प्रश्न. पहिलं म्हणजे सीटी ठरलेल्या क्षणी फोटो काढतं, धमनीच्या काळात बहुतेकदा एकच, त्या क्षणाआधी किंवा नंतर गाठ पेटून गेली तर फोटोत नाही. सोनोग्राफीत सेकंदाला दहा-पंधरा चित्रं सलग. दुसरं जास्त महत्त्वाचं आणि लोकांना सहसा माहीत नसलेलं. सीटीचा आयोडीनवाला डाय आणि एमआरआयचा नेहमीचा गॅडोलिनियम हे रेणू इतके बारीक असतात की ते वाहिनीच्या भिंतीतून झिरपून ऊतीत जातात. बुडबुडा तांबड्या पेशीच्या जातकुळीतला, तो वाहिनी सोडून जाऊच शकत नाही. त्यामुळे पित्तनलिकेतून उगवणाऱ्या कॅन्सरमध्ये, ज्यात आत तंतूंचं जाळं खूप असतं, सीटीचा डाय त्या जाळ्यात झिरपून रेंगाळतो आणि गाठ उशिरापर्यंत उजळ दिसते, आणि त्याच गाठीत बुडबुडे मात्र झटकन निघून जातात आणि ती काळी पडते. दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध आले म्हणून पेशंट भांडायला येतो, तर दोन्ही बरोबर असतात, एक झिरपलेलं बघतोय आणि एक वाहतं.

किडनीचं तर बोललोच. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी नीट चालत नसलेल्या, माणसाला सीटीचा डाय द्यायचा की नाही यावर डॉक्टरांची चर्चा रंगते, इथे त्याची गरज नाही, आयोडीन नसल्याने थायरॉइडचा प्रश्न नाही, रेडिएशन नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये लिव्हरच्या गाठींसाठी याला परवानगी मिळाली ती मोठ्यांबरोबर लहान मुलांसाठीही, युरोपात तर हे औषध २००१ पासून आहे. अ‍ॅलर्जीसारखी गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते पण फार क्वचित. इटलीतून २००६ मध्ये पोटाच्या २३,१८८ तपासण्यांचा हिशोब छापून आला त्यात गंभीर त्रास दोघांना झाला होता. दोनच, पण शून्य नाही, म्हणून इमर्जन्सीची औषधं खोलीत तयार असतात आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, तेव्हा घाई करू नका. आधी सांगायच्या गोष्टी अशा की पॉलिएथिलीन ग्लायकॉल म्हणजे पेगची अ‍ॅलर्जी आहे का (पोट साफ करायच्या काही पावडरींत ते असतं), याआधी अशा औषधाने काही झालंय का, हृदयाचा किंवा फुप्फुसाच्या दाबाचा गंभीर आजार आहे का, आणि नुकतंच छातीत दुखून अ‍ॅडमिट झाला होता का.

पण ही तपासणी सगळ्यांना लागू पडत नाही, आणि हे मी तिच्या प्रेमात असूनही सांगतो. साध्या सोनोग्राफीत लिव्हरचा जो भागच नीट दिसत नाही तो बुडबुडे देऊनही बहुतेकदा नीट दिसत नाही. माणूस जाड असेल, गाठ खोल असेल, लिव्हरमध्ये चरबी फार असेल तर आवाज आत पोचेपर्यंत दमतो. डायफ्रॅमच्या अगदी खालचा कोपरा फुप्फुसाआड लपतो. डाव्या कुशीवर वळवलं की लिव्हर थोडं पुढे सरकतं, तेवढ्याने कधी काम होतं कधी नाही. आणि धमनीचा काळ पंधरा-वीस सेकंदांचाच, तेवढ्यात प्रोब एकाच गाठीवर रोखलेला असतो, पाच गाठी असतील तर पाचही कशा पेटल्या हे एका इंजेक्शनमध्ये कळणार नाही, बुडबुडे विरेपर्यंत थांबून परत द्यावं लागतं. पोटात बाकी कुठे पसरलंय का हे तर यात दिसतच नाही. कॅन्सर किती पसरला याचा नकाशा हवा असेल तर सीटी-एमआरआयच, आणि सीटीत एखादी गाठ 'नक्की सांगता येत नाही' म्हणून अडकली असेल तर तिला हे विचारायचं. शिवाय प्रोब कोणाच्या हातात आहे यावर फार अवलंबून आहे. म्हणून सेकंदांच्या नोंदीसकट क्लिप जपून ठेवलेली असावी, नुसता 'वॉशआउट दिसला' असा रिपोर्ट आला तर किती सेकंदांना दिसला हे बिनधास्त विचारा.

जपानमध्ये २००७ पासून सोनाझॉइड म्हणून वेगळा बुडबुडा वापरतात, त्याची गोष्ट न सांगता राहवत नाही. लिव्हरमध्ये कुफर नावाच्या पेशी असतात, रक्तातला कचरा गिळणाऱ्या. त्या हे बुडबुडे गिळून बसतात, त्यामुळे दहा मिनिटांनंतरही लिव्हर उजळच राहतं, आणि जिथे कुफर पेशी नाहीत, म्हणजे बहुतेक कॅन्सरच्या गाठीत, तिथे काळं भोक. सावकाश अख्खं लिव्हर चाळायला वेळ मिळतो. एखादं भोक सापडलं की पुन्हा इंजेक्शन देऊन तेवढंच भोक धमनीच्या काळात पेटतं का बघतात.

निदानापलीकडेही याचे उपयोग आहेत. पोर्टल व्हेनमध्ये गुठळी दिसली तर ती नुसती रक्ताची आहे की आत कॅन्सर शिरलाय, हे तिच्यात बुडबुडे शिरतात का यावरून कळतं, साध्या गुठळीत रक्त वाहत नाही त्यामुळे ती काळीच राहते. मोठ्या गाठीची बायोप्सी करताना मधला मेलेला भाग टाळून जिवंत कडेत सुई घालता येते, नाहीतर सुई टोचूनही रिपोर्ट 'पुरेशा पेशी नाहीत' असा येतो. आणि सुईने गाठ जाळतात, म्हणजे अ‍ॅब्लेशन, तेव्हा तर फारच. जाळताना वाफेचे बुडबुडे उठतात आणि साध्या चित्रात तिथे नुसता पांढरा धुरळा दिसतो, किती जळलं काही पत्ता लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं धुरळा बसू द्यायचा आणि मग इंजेक्शन द्यायचं. जळलेला भाग काळाठिक्कर, त्यात एकही बुडबुडा शिरत नाही, आणि पंधराव्या सेकंदाला त्या काळ्या गोलाच्या एका कडेला चंद्रकोरीएवढी रेघ पेटली की खोलीतलं कोणी काही बोलत नाही, पेशंट अजून टेबलावरच असतो, भूल उतरलेली नसते, सुई उचलून त्या कोरीकडे वळवायची.